काळ्या जमिनीवरच्या गॅरेजचा कोबा फुटला, पायाही हलला : काम कुठून धरावं?

गिरणाथडी | ३ जून

राम राम मंडळी. एरंडोल तालुक्यात घराशेजारी स्वतंत्र गॅरेज आहे, १२ × १८ फूट. तीन बाजूंनी ९ इंची विटेची भिंत, समोर शटर, वर पत्रा. पाया डबराचा, ३ फूट खोल, त्याखाली काळी माती. कोबा ४ इंची, सळई नाही, कोब्याखाली मुरूम जेमतेम ३ इंच. बांधून सहा वर्षं झाली.

तडे असे आहेत. कोब्याच्या मधोमध शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत एक लांब तडा, रुंदी दोन ते तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), उजवी कड डावीपेक्षा दीड सूत वर. मागच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा सुटलाय, हातोडीने ठोकला की भदभद वाजतो. त्याच कोपऱ्याजवळ मागच्या भिंतीत पायरीपायरीने चढलेली भेग आहे, वर तीन सूत आणि खाली जोत्याशी केसाएवढी.

या कोपऱ्याबाहेर १० फुटांवर कडुनिंब आहे. पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी समोरच्या उजव्या कोपऱ्यात पाइपने खाली येतं आणि तिथंच जमिनीवर पडतं.

गवंडी म्हणतात, तडे व्ही आकारात कापून इपॉक्सी भरू आणि वरून दोन इंच नवा कोबा टाकू. पाऊस सुरू व्हायच्या आत उरकून घ्यावं का?

ओळंबा | ३ जून

दादा, आत्ता अजिबात करू नका. दोन्ही गोष्टी वाया जातील.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, हे खानदेशात शेतकऱ्याला सांगायला नको. मे-जूनच्या सुरुवातीला ती सर्वांत जास्त आक्रसलेली असते. म्हणजे तुमचे तडे आज वर्षातले सर्वांत रुंद आहेत. या रुंदीत कडक इपॉक्सी भरलं आणि जुलैत खालून माती फुगली, तर तड्याला मिटायला जागा उरत नाही. इपॉक्सी काँक्रीटपेक्षा ताकदीचं असतं, त्यामुळे जोड टिकतो आणि शेजारी इंच-दोन इंचावर नवा तडा जातो. इपॉक्सी हे थांबलेल्या तड्याचं औषध आहे, हलत्या तड्याचं नाही.

दोन इंच कोब्याचंही तसंच. खालचा स्लॅब हलतोय तोवर वरच्या थरात तोच तडा त्याच रेषेत उमटतो.

भिंतीची भेग वर रुंद आणि खाली बारीक आहे, याचा अर्थ तो कोपरा खाली आणि बाहेर झुकतोय. भिंतीचा मधला भाग बसला असता तर भेग खालून रुंद दिसली असती. कडुनिंब त्याच कोपऱ्यातली माती शोषतोय, म्हणून उन्हाळ्यात तो कोपरा बसतो. समोरच्या उजव्या कोपऱ्यात उलटं आहे, तिथं पन्हाळीचं पाणी मुरून माती फुगते. एकाच इमारतीचा एक कोपरा खाली आणि दुसरा वर, मग मधला कोबा फाटणारच.

आज फक्त मोजमाप सुरू करा. प्रत्येक तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी स्क्रू इपॉक्सीने पक्का बसवा, साधारण ६० मिमी अंतरावर. दोन स्क्रूंमधलं अंतर व्हर्नियरने (मिमीचा दहावा भाग मोजणारी मोजपट्टी) दर पंधरा दिवसांनी मोजून तारखेसह लिहा. भिंतीच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. हालचाल असेल तर काच तडकते. काच फक्त हलतंय की नाही एवढंच सांगते, किती हलतंय हे स्क्रू सांगतात. कोब्याची उंचसखल लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) घ्या, चार कोपरे आणि मधला बिंदू. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असं पूर्ण चक्र पाहा.

पांझरा_काठ | ४ जून

ओळंबांशी सहमत. पण चार महिने नुसतं बघत बसायचं नाही, पाण्याचं काम पावसाआधीच करता येतं आणि ते सर्वांत स्वस्त आहे.

पन्हाळीचा पाइप ४ इंची पीव्हीसीने भिंतीपासून निदान १० फूट लांब न्या आणि उताराकडे सोडा. घराच्या मोरीचं, न्हाणीचं, वॉशिंग मशीनचं पाणी गॅरेजच्या बाजूला मुरत नाही ना, ते बघा. सेप्टिक टँक जवळ असेल तर तो गळतो का तपासा. पाण्याच्या मुख्य लाइनला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून काटा हलतो का पाहा. काळ्या मातीत नळाची बारीक गळती पावसापेक्षा वाईट, कारण ती बाराही महिने एकाच जागी फुगवते.

तीन भिंतींभोवती ४ फूट रुंदीचा पट्टा करा. वरची ६ इंच माती काढा, २५० मायक्रॉनचं प्लास्टिक भिंतीला ४ इंच वर चढवून अंथरा, वर ३ इंच कोबा, बाहेरच्या बाजूला उतार फुटाला तीन सूत. भिंत आणि पट्टा यांच्यात ४ सुताची फट ठेवून ती पॉलियुरेथेन सीलंटने भरा. सिमेंटने जोडू नका, पहिल्या उन्हाळ्यात सुटेल आणि नेमकं तिथूनच पाणी पायाला जाईल. पुढे पायाखाली खोदायची वेळ आली तर हा पट्टा फोडावा लागेल, म्हणून यंदा फक्त प्लास्टिक आणि वर मुरूम पसरून भागवा. पक्का पट्टा शेवटी.

स्थापत्य_ताई | ४ जून

दोन तपासण्या करून घ्या, दोन्हीला फार खर्च नाही.

पहिली, मुरूम किती खोल आहे. पायापासून दीड-दोन फूट दूर हँड ऑगरने (हाताने फिरवायच्या माती-गिरमिटाने) दोन भोकं घ्या, एक निंबाच्या बाजूला आणि एक पन्हाळीच्या. धुळे, साक्रीकडे बऱ्याच ठिकाणी तीन-चार फुटांवर मुरूम किंवा मांजऱ्या (मऊ खडक) लागतो. रावेर, यावल, चोपड्याच्या तापीकाठच्या गाळपट्ट्यात मात्र खोल गेलं तरी मुरूम लागत नाही. पाया खाली न्यायचा की नाही, हे या एका आकड्यावर ठरतं.

दुसरी, माती किती फुगते. आयएस (भारतीय मानक) २७२० च्या ४० व्या भागात ही चाचणी आहे. १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती १०-१० ग्रॅम घ्या. १०० मिलीची दोन मोजपात्रं, एकात डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं चालतं), दुसऱ्यात रॉकेल. दोन्हीत माती टाकून ढवळा, हवेचे बुडबुडे जाऊ द्या आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या मातीच्या पातळीच्या आकड्यातून रॉकेलमधल्याचा वजा करा, रॉकेलच्या आकड्याने भागा आणि शंभराने गुणा. ५० च्या खाली असेल तर कमी फुगणारी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, २०० च्या वर फार जास्त.

दोन पात्रं शेजारी ठेवून पाहिली की घरातल्या सगळ्यांना एका नजरेत कळतं. रॉकेलमधली माती तळाशी बोटभर बसलेली असते आणि पाण्यातली राखाडी लापशीसारखी दुप्पट वर आलेली.

सातपुडा_शहादा | ५ जून

शहादा, तळोद्याकडे कोबा काढून खाली दोन फूट वाळू भरायची पद्धत आहे. वाळू फुगत नाही, मग तेच सोपं नाही का?

ओळंबा | ५ जून

भाऊ, वाळू फुगत नाही हे खरं, पण ती पाणी अडवतही नाही. काळ्या मातीत खड्डा खणून वाळू भरली म्हणजे तळ घट्ट असलेलं टाकं झालं. कडेने शिरलेलं पाणी वाळूतून थेट तळाच्या काळ्या मातीवर जाऊन साचतं आणि ती माती आधीपेक्षा जास्त फुगते. वाळूचा थर तेव्हाच चालतो, जेव्हा त्यातलं पाणी बाहेर काढायला निचऱ्याचा पाइप असतो.

आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत मांडली. कालव्यांच्या अस्तरासाठी ती आयएस ९४५१ मध्ये आहे. तत्त्व तेच घ्यायचं : थर न फुगणारा हवा, पण सुटा नको, दाबल्यावर एकसंध बसणारा हवा. आपल्याकडे ते काम चांगला मुरूम करतो.

मुरूम मात्र पारखून घ्या. ट्रॅक्टरवाले बऱ्याचदा वरची काळी माती मिसळलेला आणतात. मूठभर ओला करून तळहातांत वळा. सुतळीसारखी बारीक, न तुटणारी वळी झाली आणि हाताला चिकटली तर तो परत पाठवा.

गिरणाथडी | १२ ऑक्टोबर

मोजमाप पूर्ण झालं. पन्हाळीचा पाइप जूनमध्येच लांब नेला, कडेने प्लास्टिक आणि मुरूम टाकला. कोब्याच्या मधल्या तड्यावरच्या स्क्रूंमधलं अंतर ५ जूनला ६२.४ मिमी होतं, २० सप्टेंबरला ५८.१. भिंतीवरची काच ऑगस्टमध्ये तडकली, भेग तिथं २ मिमीने मिटली. पन्हाळीच्या बाजूचा कोपरा यंदा ३ मिमीच वर आला.

माती : पाण्यात २१ मिली, रॉकेलमध्ये १०. म्हणजे ११०. मुरूम दोन्ही भोकांत साडेपाच फुटांवर लागला. आता काय करावं?

स्थापत्य_ताई | १२ ऑक्टोबर

आकडे स्पष्ट आहेत. माती जास्त फुगणारी, तडे ऋतूप्रमाणे उघडमीट करणारे, पण मुरूम हाताशी. पाया ३ फुटांवर आणि मुरूम साडेपाचवर, म्हणजे मधल्या अडीच फूट काळ्या मातीवर भिंत तरंगतेय. पाया खाली मुरुमात नेणं परवडतं. मुरूम १२-१५ फुटांवर असता तर खालच्या टोकाला फुगवटा असलेल्या पाइल्स (जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) हा मार्ग होता. त्यासाठी आयएस २९११ चा तिसरा भाग आहे, फुगवट्याचा व्यास खांबाच्या साधारण अडीच पट, आणि वरचा बीम जमिनीपासून किमान ८० मिमी मोकळा ठेवायचा. एवढ्या हलक्या गॅरेजला तो खर्च जड झाला असता.

काम दिवाळी ते होळी या काळात करा. माती ना पूर्ण फुगलेली ना पूर्ण वाळलेली असते, आणि काँक्रीटला ४४ अंशांचं ऊनही नसतं.

एक आग्रह. फक्त निंबाच्या कोपऱ्याखाली पाया नेऊन थांबू नका. अर्धी भिंत मुरुमावर घट्ट आणि अर्धी काळ्या मातीवर हलती राहिली, तर जिथं दोन्ही भेटतात तिथं नवी भेग जाईल. तिन्ही भिंती घ्या.

ओळंबा | १३ ऑक्टोबर

पाया खाली न्यायची रीत सविस्तर लिहितो, कारण इथं घाई झाली तर भिंत अंगावर येते.

तिन्ही भिंतींची लांबी १८ + १२ + १८ = ४८ फूट. शटरच्या डाव्या टोकापासून ४-४ फुटांचे १२ भाग पाडून भिंतीवर खडूने आकडे टाका. एका वेळी दोनच खड्डे उघडायचे, तेही एकमेकांपासून लांब. क्रम असा : १ आणि ७, मग ४ आणि १०, मग २ आणि ८, ५ आणि ११, ३ आणि ९, शेवटी ६ आणि १२. मागचे दोन्ही कोपरे ५ आणि ८ मध्ये येतात. या क्रमात ते एकाच वेळी उघडे राहत नाहीत, म्हणून क्रम बदलू नका. कोपऱ्यातला खड्डा एल आकाराचा होतो.

बाहेरून ३ फूट रुंद चर खणा, खोली सहा फूट, म्हणजे मुरुमात सहा इंच. पाच फुटांच्या वर खोली गेली की चराच्या बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू लागतातच. काळी माती वाळलेली असताना भिंतीसारखी उभी दिसते आणि तडकलेल्या रेषेवरून एकदम ढेपाळते. खाली माणूस असताना काठावर माती किंवा विटा ठेवू नका.

मग जुन्या पायाखालची माती आडवी काढा, पायाच्या पूर्ण रुंदीत, सुमारे दोन फूट. डबराचे सुटलेले दगड काढा, तळ ब्रशने साफ करा. मुरूम ओला-मऊ झाला असेल तर तेवढा खरवडा. खणलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काँक्रीट करा, खड्डा उघडा ठेवला तर तळ खराब होतो.

काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). एका भागाला साधारण २२ घनफूट, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या. बाराही भागांना ४८. जुन्या पायाच्या तळापर्यंत भरायचं नाही, तीन इंच जागा मोकळी सोडायची. काँक्रीट सुकताना आक्रसतं. पूर्ण भरलं तर वर केसाएवढी फट राहते आणि भिंत तेवढी बसते. दोन दिवसांनी त्या तीन इंचांत १:३ चा कोरडा मसाला ठासायचा. पाणी एवढंच की मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हात ओला होऊ नये. लाकडी ठोकळा आणि हातोड्याने मागून पुढे ठासत या. हे काम मिस्त्रीने स्वतः करावं, बिगाऱ्यावर सोडू नये. सगळ्या कामाचं वजन या तीन इंचांवर आहे.

शेजारचा भाग उघडण्याआधी ठासलेल्या मसाल्याला किमान २४ तास द्या. एका जोडीला पाच दिवस धरा, एकूण महिना. चर परत भरताना काळी माती नको, मुरूमच, थराथराने ठोकून.

पांझरा_काठ | १३ ऑक्टोबर

निंब तोडू नका, हे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोठं झाड अचानक तोडलं की ते शोषत असलेलं पाणी मातीत राहतं, माती काही वर्षं फुगत राहते आणि कोपरा आता वर उचलायला लागतो. पाया मुरुमात गेला की भिंतीला निंबाचा धोका उरत नाही. कोब्यासाठी झाड आणि भिंत यांच्यामध्ये ५-६ फूट खोल चर घेऊन जाड एचडीपीई (प्लास्टिकची) शीट उभी लावा, म्हणजे मुळं गॅरेजखाली येत नाहीत. एका बाजूची मुळं तोडल्यावर त्या वर्षी फांद्याही थोड्या हलक्या करा.

अडीच_सूत | १४ ऑक्टोबर

कोब्याचा हिशेब माझ्याकडून. भिंतीचं काम पूर्ण झाल्यावरच जुना कोबा फोडा.

तयार पातळीपासून २७ इंच खाली जा. काळी माती सुमारे चार ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) निघते, सुटी झाल्यावर साडेपाच ब्रास भरते, ट्रॉल्या त्या हिशेबाने सांगा. तळाच्या सहा इंच मातीत कळीचा चुना नाही, विरलेल्या चुन्याची पूड मिसळा, वजनाच्या ५ टक्के. २१६ चौरस फुटांना २४० किलो लागतो. ओलसर करून मिसळा, २४ तास झाकून ठेवा, परत उलथापालथ करून दाबा. चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो. चष्मा आणि हातमोजे लागतातच.

वर १८ इंच मुरूम, दाबून. सुटा सव्वाचार ब्रास आणा. सहा इंचांपेक्षा जाड थर एका वेळी नको. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने घ्या, हाताच्या धुम्मसने एवढी जाडी दाबली जात नाही. ओल तपासायला मूठ वळा. गोळा व्हावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटावा.

त्यावर ४ इंच १:३:६ चं काँक्रीट, नऊ गोण्या. मग २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर सहा इंच चढतं. तिन्ही भिंतींना १२ मिमी थर्माकोल उभा लावा. कोबा भिंतीला चिकटता कामा नये, तो आपल्या जागी स्वतंत्र राहू द्या.

वरचा थर ५ इंच, एम २०, म्हणजे १:१.५:३. प्रमाण : २१ गोण्या, वाळू ४० घनफूट, २० मिमी खडी ८० घनफूट. पाणी गोणीला २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्री नळी धरून पाणी सोडतात तिथंच ताकद जाते, बादली मोजूनच टाका. बोअरचं पाणी खारट असेल तर तपासा, सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. सळई अडीच सूत, सहा इंचांवर दोन्हीकडे, ११० किलो. ती वरच्या तिसऱ्या हिश्श्यात राहायला हवी, वरून दीड इंच कव्हर (सळईवरचं काँक्रीट). तळाशी पडलेली सळई तडे धरत नाही. चेअर (जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) लावा, नाहीतर काँक्रीट टाकताना बिगाऱ्याच्या पायाखाली जाळी बसते.

शटरकडची कड ८ इंच जाड करा, चाक तिथंच आपटतं. उतार शटरकडे एकूण दोन इंच. ट्रॅक्टर ठेवणार असाल तर ५ ऐवजी ६ इंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काँक्रीट टाकल्यापासून १२ तासांच्या आसपास, मधोमध आडवा काप मारा, ३२ मिमी खोल. म्हणजे १२ × ९ चे दोन तुकडे होतात. कापाच्या रेषेवर सळई एकाआड एक आधीच तोडलेली हवी, नाहीतर काप असूनही तडा दुसरीकडून जातो. करवतीने कड कुरतडली तर अजून दोन तास थांबा. संध्याकाळपर्यंत लांबवलंत तर तडा आधीच गेलेला असतो.

आळी करून पाणी १४ दिवस. गाडी २८ दिवसांनी.

गिरणाथडी | १४ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीची भेग कधी आणि कशाने भरावी?

ओळंबा | १५ ऑक्टोबर

पाया झाल्यावर लगेच नाही. नवी काच लावा आणि पुढचा जून आणि सप्टेंबर दोन्ही पार होऊ द्या. काच शाबूत राहिली तर भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट गिलावा काढा. दर चौथ्या थराच्या सांध्यातला मसाला दीड इंच खोल खरवडा, हवेने आणि पाण्याने साफ करा. ६ मिमीची स्टेनलेस सळई ३ फूट लांब, एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारा रबरी द्रव) घातलेल्या १:३ मसाल्यात दाबून बसवा. तुटलेल्या विटा बदला, भेगेत तोच मसाला ठासा. गिलावा करताना भेगेवर ६ इंच रुंद कोंबडीजाळी दोन्हीकडे खिळून घ्या.

काच पुन्हा तडकली तर गिलाव्याला हात लावू नका. कोणत्या भागाजवळ तडकली तो खडूचा आकडा इथं लिहा. बहुतेक वेळा त्या भागातल्या तीन इंचांत मसाला पोकळ राहिलेला असतो. तेवढाच खड्डा उघडून परत ठासता येतो.